भावंडाशी बोलायचंय? समोर बसू नका, सोबत चाला

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे'आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय भावंडांमधला अबोला. भांडण झालं तर निदान कुणीतरी आवाज चढवतं. अबोल्यात तेही नसतं. एक जण मुंबईला, एक गावी. वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर केकचा स्टिकर. गणपतीत पाच दिवस एका घरात राहायचं, आरतीला शेजारी उभं राहायचं आणि बोलायचं काय, तर "अजून एक मोदक वाढू?"

मग घरातले मोठे दोघांना समोरासमोर बसवतात. मध्ये काका. "बोला आता काय ते!" अशाने कोण बोलणार? कोर्टाची तारीख असल्यासारखं वाटतं.

चालताना हे सोपं का जातं? एकतर नजरेला नजर द्यावी लागत नाही. दोघंही पुढे बघत असतात. मध्येच गप्प झालात तरी चालतं, कारण चालणं चालूच असतं. आणि थोड्या वेळाने पावलांचा वेग आपोआप जुळतो. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 2017 मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात नेमका हाच प्रश्न घेतला होता: सोबत चालण्याने वाद मिटायला मदत होते का? होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. तो आधीच्या अभ्यासांवरून मांडलेला विचार आहे, पक्कं औषध नव्हे. 2015 च्या दुसऱ्या एका प्रयोगात निसर्गात दीड तास चाललेल्या लोकांच्या मनात तेच तेच विचार घोळणं कमी झालेलं दिसलं. रस्त्याच्या कडेने चाललेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. "तेव्हा तू असं म्हणालास" हे वर्षानुवर्षं मनात दळत बसणाऱ्यांना याचं मोल कळेल.

आता जामसंड्याकडे येऊया. इथून तारामुंब्री, मग खाडीवरचा पूल ओलांडून मिठमुंब्री आणि पुढे कुणकेश्वर, अशी अर्ध्या दिवसाची चाल होते. मला ही वाट आवडते, कारण बोलायचं कसं ते ती स्वतःच ठरवते. कलमांच्या बागांमधली पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे. तिथे एकामागे एकच जाता येतं, त्यामुळे वरवरच्या गप्पा होतात. "हा गडगा कधी पडला?" एवढंच. उघड्या सड्यावर आलात की दोघं आपोआप बाजूबाजूला येता. आणि मिठमुंब्रीच्या वाळूत लाटांच्या आवाजामुळे पुटपुटून चालत नाही, जे काय असेल ते मोठ्याने सांगावं लागतं.

माझा दादा गावी कलमं बघतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली आणि तिथपासून आमचं बोलणं आटलं. मागच्या डिसेंबरात या वाटेवर मी सहज विचारलं, "यंदा मोहर कसो आसा रे?" तो थांबला, एक फांदी वाकवून तुडतुडे दाखवले. मग फवारणीचा खर्च, राखणीला ठेवलेल्या माणसाचा पगार, सगळा हिशोब पूल येईपर्यंत. बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "तू कधी विचारलंच नाय गो." सातबाऱ्याचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. घरी परतल्यावर मात्र त्याने हिशोबाची वही आपणहून माझ्यासमोर ठेवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, विशेषतः बहिणींना. चालताना मन हलकं होतं, आणि हलक्या मनाने "जाऊ दे, देते हक्कसोड लिहून" असं तोंडातून निघतं. तसं काही कबूल करू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत अशी अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. हक्क सोडायचा की ठेवायचा हे वकिलाशी बोलून, कागद नीट वाचून ठरवा. वाटेवर फक्त बोलणं सुरू झालं तरी पुष्कळ झालं.

थोडं तयारीचं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात कातळ तव्यासारखा तापतो, पावसात शेवाळावरून पाय घसरतो. वाळूतून जायचं तर सुकतीची वेळ गाठा. ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर जाऊ नका, गावातल्या मच्छीमारांना विचारा. पाणी दोघांत मिळून एकच मोठी बाटली घ्या. मागायला तरी बोलावं लागेल!

अगदीच बोलणं सुचत नसेल, तर बघण्यासारखं काहीतरी निवडा. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांपैकी कुडोपीची शिल्पं आपल्याच जिल्ह्यात, मालवण तालुक्यात आहेत. "हा मासा की माणूस?" यावर अर्धा तास सहज जातो, आणि या वादात कुणाच्या वाट्याची जमीन नसते.

बहीण-भाऊ आधीच म्हणेल, "चालायला? कशाला?" तेव्हा 'आपल्याला बोलायचंय' असं सांगू नका, घाबरून जाईल. कुणकेश्वराला जाऊन येऊ, एवढंच म्हणा. परतीच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा. फोन एकाचाच चालू असू दे. आणि हो, चालताना आमचा हा भाग लावू नका.