ऑइल घटते, पिकअप जातो. पण दोषी टर्बोच का?

गाडी ऑइल पिते आणि चढावर पिकअप देत नाही, या दोन तक्रारी एकत्र आल्या की बॉनेट उघडण्याआधीच निदान तयार असते: टर्बो गेला. मग हजारो रुपयांचा नवा टर्बो बसतो, आणि बऱ्याचदा काही महिन्यांत त्याच तक्रारी परत येतात. नवी मुंबईतल्या तळवलीसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त जाणवतो, कारण इथल्या गाड्यांना दोन टोकांचे चालणे वाट्याला येते. आठवडाभर घणसोली, रबाळे, महापे या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावरची थांबत-सरकत धाव आणि सुट्टीच्या दिवशी द्रुतगती मार्गाने खंडाळ्याचा घाट. टर्बोच्या गाड्याही आता काही थोडक्या श्रीमंतांच्या उरलेल्या नाहीत. फियाटच्या रांजणगाव कारखान्यातून निघालेले 1.3 लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन अनेक कंपन्यांच्या लहान गाड्यांत बसले. 2017 मध्ये नेक्सॉन टर्बो पेट्रोल घेऊन आली. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून टीएसआय इंजिनांच्या गाड्या निघाल्या. यांतल्या जुन्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि निदान चुकले तर भुर्दंड त्यालाच.

गैरसमज: टर्बोच्या होजमध्ये ऑइल दिसले म्हणजे टर्बोचे सील गेले

टर्बोकडे बोट दाखवण्याचा हा सर्वांत लोकप्रिय पुरावा आणि सर्वांत कच्चाही. इंजिन चालताना जळालेल्या वायूचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतो. हा ब्लो-बाय हवेत सोडायला परवानगी नाही, म्हणून तो ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या तोंडाशी आणून पुन्हा इंजिनात जाळला जातो. त्याच्याबरोबर ऑइलची वाफ येतेच. त्यामुळे एअर फिल्टरपासून इंटरकूलरपर्यंतच्या नळ्यांत ऑइलचा पातळ थर निरोगी गाडीतही सापडतो. शंका घ्यावी ती नळीत ऑइल साचून ओघळत असेल तर, आणि तेव्हाही पहिला प्रश्न असा की हे ऑइल टर्बोच्या आधीच्या नळीत आहे की नंतरच्या. आधीच्या नळीतही तितकेच ऑइल असेल तर ते बहुधा ब्रीदरमधून आलेले असते, टर्बोच्या सीलमधून नव्हे.

सील या शब्दाने डोळ्यांसमोर रबर येते. टर्बोत तसे काही नसते. छोट्या मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि ऑइलच्या पडद्यावर तरंगतो. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि त्या ऑइल अडवतात ते मुख्यतः दाबाच्या फरकामुळे: बाहेरच्या बाजूला दाब जास्त, मधल्या भागात कमी. आत आलेले ऑइल दाबाने येते, पण परत जाताना केवळ उताराने चेंबरमध्ये गळते. म्हणूनच परतीची नळी जाड असते. ती नळी दबली, कार्बनने किंवा गॅस्केटच्या पेस्टने अरुंद झाली, किंवा ब्लो-बायमुळे चेंबरमध्येच दाब वाढला, की ऑइलला उतरायला वाव राहत नाही आणि ते रिंगांपलीकडे जाते. एअर फिल्टर गच्च झाला तरी टर्बोच्या तोंडाशी निर्वात वाढून ऑइल ओढले जाते. या प्रत्येक वेळी ऑइल टर्बोतून गळताना दिसते. दोष मात्र दुसरीकडे असतो. अशा ठिकाणी बसवलेला नवा टर्बोही पहिल्यासारखाच गळेल.

गैरसमज: ऑइल जरासेही घटले म्हणजे आजार, आणि डिपस्टिक भरलेली म्हणजे आरोग्य

यातली दोन्ही अर्धी चुकीची आहेत. प्रत्येक इंजिन थोडे ऑइल जाळते. फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांच्या पुस्तिकांत 1,000 किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मर्यादेत धरलेला आढळतो. ही मर्यादा उदार आहे, हे खरेच: त्या हिशेबाने 10,000 किलोमीटरच्या सर्व्हिसपर्यंत पाच लिटर ऑइल जाईल, म्हणजे अनेक लहान इंजिनांत मुळात असते त्याहून जास्त. पण मुद्दा आकड्याचा आहे. “ऑइल खाते” ही तक्रार मोजता येत नाही. “1,000 किलोमीटरला 300 मिलिलिटर” हे मोजता येते. सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहायची, खूण लक्षात ठेवायची, 1,000 किलोमीटरनंतर त्याच जागी तशाच रीतीने पुन्हा पाहायची आणि त्या खुणेपर्यंत येण्यास किती ऑइल लागले ते मोजून ओतायचे. अशा दोन फेऱ्यांत खप वाढतो आहे की स्थिर आहे हे कळते, आणि निदानासाठी हाच फरक सर्वांत उपयोगाचा.

उलट बाजू डिझेलवाल्यांनी लक्षात घ्यावी. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वच्छ करण्यासाठी अनेक इंजिने जास्तीचे डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतात. गाडी रोज पाच-सहा किलोमीटर चालून बंद होत असेल तर ही सफाई अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. ऑइल जळत असूनही डिपस्टिकवरची पातळी स्थिर दिसते, कधी वाढतेही. पातळ झालेले हे ऑइल टर्बोच्या बेअरिंगसाठी घातकच. तेव्हा पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानण्याऐवजी ऑइल बदलून कारण शोधावे.

गैरसमज: निळा धूर म्हणजे टर्बो, पीयूसी पास म्हणजे सगळे ठीक

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच सिद्ध होते. ते कुठून आले हे धूर केव्हा निघतो यावरून अदमासाने कळते. सकाळच्या पहिल्या स्टार्टला भपकारा निघून थांबत असेल तर व्हॉल्व्ह सीलची शंका आधी घ्यावी. पेट्रोल गाडीने गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून घाट उतरला, तळाशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा ढग उठला, तरी तीच शंका, आणि जोडीला रिंगांची: उतरताना इनटेकमधला जोरदार निर्वात ऑइल आत ओढतो. डिझेलमध्ये असा निर्वात तयार होत नसल्याने ही खूण तिथे लागू नाही. चढावर सतत भार असताना धूर टिकून राहिला तर रिंग-पिस्टन, सिग्नलला बराच वेळ उभे राहून निघताना दाट धूर आला तर टर्बोची एक्झॉस्ट बाजू तपासावी. या खुणा एकमेकींत मिसळतात, म्हणून धुरावर निकाल देऊ नये. पुढची चाचणी कोणती हे मात्र तो सांगतो. पीयूसीचा कागद इथे फारसा कामाचा नाही. त्या तपासणीत डिझेलच्या धुराची घनता आणि पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमधले ठरावीक वायू पाहिले जातात, ऑइलचा खप नव्हे.

गैरसमज: पिकअप गेला म्हणजे टर्बो हवा देत नाही

टर्बोने हवा दाबली आणि ती इंजिनात पोहोचली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या वाटेवर होज, क्लिप, इंटरकूलर असतो. होजची चीर उभ्या गाडीत मिटलेली असते, दाब आल्यावरच उघडते; म्हणून भार नसलेल्या इंजिनावर कान लावून ती सापडत नाही, स्मोक टेस्टने किंवा नळ्यांत मर्यादित दाबाची हवा भरून सापडते. दोन तक्रारींचा खरा सांधा इथेच आहे. ब्रीदरमधून जास्त ऑइल येऊ लागले की ते रबर मऊ करते, जोड निसरडा होतो आणि होज निसटतो. ऑइलही घटले, पिकअपही गेला, आणि टर्बो धडधाकट! उलट, गळतीकडे दुर्लक्ष केले तर ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो आणि शेवटी खरोखरच मरतो.

दाबावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणाही वेगळी असते. मल्टिजेटच्या 75 अश्वशक्तीच्या आवृत्तीत स्थिर रचनेचा टर्बो, तर 90 च्या आवृत्तीत हलत्या पात्यांचा. पहिल्यात वेस्टगेट पाहायचा; दुसऱ्यात काजळीने अडकलेली पाती, ॲक्च्युएटर आणि त्याच्या बारीक व्हॅक्यूम नळ्या. कायम कमी फेऱ्यांवर, गर्दीत चालणाऱ्या गाडीत पाती अडकणे नवलाचे नाही. गाडी कोणती हे न विचारता सुचवलेला इलाज म्हणूनच संशयास्पद.

स्कॅनरने सगळे कळते, असा आक्षेप येतो. पी0299 हा कोड दाब कमी आहे एवढे नोंदवतो. का कमी आहे ते सांगत नाही. स्कॅनरचा खरा उपयोग चालत्या गाडीत मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी ठेवून पाहण्यात आहे. तेही सेन्सर खरा असेल तर. त्याची परीक्षा फुकट होते: इंजिन बंद, चावी चालू असताना तळवलीत, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला, इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने सुमारे 100 किलोपास्कल दाखवायला हवे, लोणावळ्यात साधारण 94. हा आकडा निरपेक्ष दाबाचा असल्याने चालताना 200 दिसले तर टर्बोने वाढवलेला दाब 100च असतो. अनेक जण इथेच फसतात.

मग टर्बो कधीच दोषी नसतो का? असतो. शाफ्ट आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण ऑइलच्या पडद्यासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण तो पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, पात्यांचे टवके उडाले असतील, तर टर्बो बदलावाच लागेल. डिझेलमध्ये तो मोठ्या प्रमाणावर ऑइल सोडत असेल तर गाडी चालवूच नये. ते ऑइलच इंधन होऊन इंजिन चावी बंद केल्यावरही बेफाम फिरू शकते. मात्र तेव्हाही तो का मेला याचे उत्तर शोधावे लागते: ऑइलची येणारी नळी चोंदली होती का, ऑइल वेळेवर आणि योग्य ग्रेडचे बदलले होते का. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइलही काढायला हवे, नाहीतर नवा टर्बो बसूनही धूर येत राहील.

शेवटचा आक्षेप पैशांचा: एवढ्या चाचण्यांपेक्षा टर्बो बदलून मोकळे होणे स्वस्त नाही का? हिशेब उलट आहे. एअर फिल्टर, ब्रीदर, होज आणि व्हॅक्यूम नळ्या पाहायला फारसे काही उघडावे लागत नाही. कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन चाचणीला प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात, टर्बो बदलायला त्याहून कितीतरी जास्त. क्रम स्वस्ताकडून महागाकडे असला तर चुकीचा खर्चही लहानच राहतो. गॅरेजला टर्बोची मंजुरी देण्याआधी मालकाने तीन गोष्टी कागदावर मागाव्यात: 1,000 किलोमीटरचा मोजलेला ऑइल खप, चेंबरमधला दाब, आणि भाराखाली मागितलेल्या व मिळालेल्या बूस्टचे आकडे. हे तिन्ही आकडे आणि शाफ्टची तपासणी एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तेव्हाच टर्बोची ऑर्डर द्यावी.