मूठभर मिरची

सकाळी ७.४०
मावशी शिवडीहून चालत येतात. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, तेव्हापासून बस फक्त पावसात. लालबागच्या मिरची गल्लीत शटरं अर्धी वर गेलीत. एप्रिल म्हणजे ऐन हंगाम. पाऊस लागायच्या आत घराघरांत वर्षाचा मसाला भरून व्हायला हवा.

सकाळी ८.००
बसायला पाट. सूप, चाळण, दोन घमेली. नाकावर जुन्या सुती साडीची पट्टी. हातांना कोपरापर्यंत खोबरेल. हातमोजे मावशी घालत नाहीत. "मिरची कळत नाही त्यात."

बेडगीचं पोतं उसवलं. देठ मोडायचा, फटकी मिरची बाजूला टाकायची, चांगली घमेल्यात. किलोला वीस रुपये. वजन देठासकट धरतात ते बरं, नाहीतर किलोमागे पन्नासेक ग्रॅम देठांतच जातील. मिरची कोरडी असली तर अर्ध्या तासात किलो होतो. ओलसर असली की देठ चिवट होतो, बोटं दुखतात आणि कमाई घटते.

सकाळी ९.१५
मावशींचं दुसरंही एक काम आहे. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

शेठ नवं पोतं पुढे सरकवतात. "मावशी, बघा जरा. बेडगी म्हणून आलंय."

शेजारी बसलेली मुलगी याच आठवड्यात कामाला लागली आहे. ती वरची एक मिरची उचलते. लांब, गडद, सुरकुतलेली. "बेडगीच आहे की, मावशी."

"एकीवरून सांगू नकोस. मूठ भर. वरची घे, मधली घे, तळातली घे. तिन्ही वेगळ्या ठेव."

सुपात तीन ढीग पडतात. वरच्या ढिगात दोन मिरच्या सारख्या नाहीत. एक आखूड, फुगीर. एक काडीसारखी. एक जवळजवळ गुळगुळीत. मुलगी गोंधळते, आणि तिचं चुकत नाही. बेडगीतच डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार: डब्बी बुटकी, बियांनी भरलेली, कड्डी लांब, सडपातळ, कमी बियांची. त्यात पहिल्या तोड्याची मिरची भरदार, शेवटच्या तोड्याची बारकी, फिकी. नुसत्या पावसावर आलेली वेगळी, पाणी देऊन वाढवलेली वेगळी. मधमाशी शेजारच्या वावरातले पराग आणते, तेही पुढच्या वर्षीच्या बियाण्यात उतरतं.

वनस्पतिशास्त्राचं पुस्तक इथे फार पुढे नेत नाही. बेडगी, संकेश्वरी, गुंटूर ही सगळी त्याच्या लेखी एकच प्रजाती, कॅप्सिकम ॲन्युअम. अमेरिकेतून आलेली. पुढचे भेद शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखून केले. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोत्यातली मिरची तीच आहे का, हे शेवटी कुणाच्या तरी बोटांनाच ठरवावं लागतं. मला हे या गल्लीतलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

मावशी सुरकुत्या बघतात. एकीच्या नव्हे, ढिगाच्या. मग मिरची कानाशी हलवतात. मग फाडून वास. मग ओल्या अंगठ्याने साल चोळतात आणि अंगठ्यावरचा रंग उन्हात धरतात. "बहुतेकींत काय आहे ते बघायचं. चुकार दोन-चार असतातच."

तळाचा ढीग त्या बराच वेळ चाळतात. मिरच्या सुरेख आहेत. लाल, सुरकुतलेल्या, एका मापाच्या.

"हे बघ. सगळ्या एकसारख्या. बेडगीच्या पोत्यात एवढी शिस्त नसते गं."

म्हणजे नंबराचं बियाणं. संकरित वाणांना बाजारात नंबरानेच ओळखतात, २०४३, ५५३१. वाण वाईट नाहीत, पीक भरघोस येतं. मावशींचं म्हणणं एवढंच, की कुटल्यावर रंग लवकर उतरतो आणि बेडगीचा गोडसर वास येत नाही. वर बेडगी, तळाला नंबर. शेठ वाशीच्या मसाला मार्केटला फोन लावतात.

सकाळी ११.३०
कुटायचे डंख सुरू आहेत. लोखंडी मुसळं वरखाली होतात, खालची फरशी हादरते. बोलायचं तर कानाशी. परळच्या एक बाई चार किलोंची यादी घेऊन आल्यात. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. त्या डंखासमोरच खुर्ची टाकून बसतात. आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर कुटून घ्यायचा, ही गिरण्यांच्या काळापासूनची रीत.

दुपारी १.३०
मावशी बेसनाने हात धुतात, तरी चमच्यानेच जेवतात. भात, सुक्या बोंबलाचं कालवण. दहा रुपयांचा चहा त्या आणि मुलगी अर्धा-अर्धा घेतात.

दुपारी ३.००
आता खडा मसाला निवडायचा. यातला काही माल जंगलातून गोळा केलेला, म्हणून भेसळ आणि निसर्गाचा फरक इथे आणखीच गुंतलेले. जायपत्री रुंद, पिवळट-नारिंगी. तिच्यात रामपत्री मिसळलेली असते. ती सह्याद्रीतल्या रानजायफळाची. काळपट लाल, अरुंद पट्ट्यांची, शेंड्याला पीळ घातल्यासारखी. जुन्या व्यापारात हिला बॉम्बे मेस म्हणत. जुनी जायपत्रीही काळवंडते, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवता येत नाही. मावशी तुकडा मोडून हुंगतात. जायपत्रीचा वास लगेच चढतो, रामपत्रीला जेमतेम असतो.

दगडफुलाच्या पिशवीत तर कितीतरी तऱ्हेची दगडफुलं. ती वेगळी करत कुणी बसत नाही. साल, काड्या, खडे तेवढे काढायचे.

संध्याकाळी ६.४५
वजन. मावशींचे तेरा किलो, दोनशे साठ रुपये. मुलीचे सात, एकशे चाळीस. सकाळचं पोतं बघण्यात गेलेला पाऊण तास कुणी मोजत नाही. मी तो विषय काढते, तर मावशी म्हणतात, "बघितलं नाही तर दिवसभर वाईट माल मोडायचा. देठ माझ्याच हाताला लागतो."

वाशीहून उत्तर आलंय. पोतं परत घेतील, टेम्पोचं भाडं मात्र दुकानाने द्यायचं. शेठ तोंड बांधायला सुतळी घेतात. मुलगी मध्येच हात घालून तळातली मूठभर मिरची काढते आणि कागदाच्या पुडीत बांधते.

"ही कशाला?" शेठ विचारतात.

"उद्याच्या पोत्याशी लावून बघायला."