पाणी

"अंकल, जीभ बाहर निकालिए।"

काकांनी तोंड उघडलं. ओठ पुढे आले, भुवया वर चढल्या, मानही जराशी पुढे झाली. जीभ मात्र होती तिथेच. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं त्यांचं तोंड नुसतंच चाचपडत राहिलं. मग काकूंनी पिशवीतून डबा काढला, काकांनी डाव्या हातानं दोन चमचे शिरा खाल्ला आणि मिशीला लागलेलं तूप जिभेच्या टोकानं अलगद टिपलं. थेरपिस्ट मुलगी याचीच वाट पाहत असावी. तिनं लगेच वहीत खूण केली.

नोएडातल्या एका घराचा तळमजला. कूलरची घरघर, एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक आरसा. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, उभा जन्म दिल्लीत गेलेला. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला आणि 'वाचा गेली' असं आम्ही नातेवाइकांना फोनवर सांगत सुटलो. ते चूकच होतं. त्यांना समजतं सगळं, शब्दही आठवतो, जीभही लुळी नाही. शब्द ठरला की ओठांनी, जिभेनं, टाळूनं कोणत्या क्रमानं हलायचं, तो हुकूम तेवढा वाटेत गहाळ होतो. याला म्हणतात वाचेचा अप्रॅक्सिया. स्नायूच दुबळे पडले तर बोलणं बोबडं होतं, पण ते दरवेळी साधारण एकाच तऱ्हेनं. इथे दर खेपेला चूक नवी.

हे हातापायांनाही होतं. बर्लिनच्या ह्यूगो लीपमननं १९०० साली ज्या रुग्णाची हकिकत लिहिली, तोही सरकारी अधिकारीच. सांगितलेली साधी कृती त्याला उजव्या हातानं जमेना, डाव्या हातानं मात्र जमे. म्हणजे सूचना त्याला नीट कळत होती. लीपमनच्या आधी असल्या माणसाला वेडगळ समजून मोकळे होत. अजूनही होतात, त्यासाठी बर्लिनला जायला नको.

"पपपपप" काकांनी झकास म्हटलं. मग पाळी "पटक, पटक, पटक" म्हणण्याची. जगभर ही चाचणी अशाच तीन अक्षरांची असते. हिंदीत त्यांचा अर्थ आपटणं होतो हा योगायोग. ओठ, जिभेचं टोक, जिभेचं मूळ, एकामागून एक. काकांचं 'पटक' दुसऱ्याच फेरीत 'पपक', मग 'टकट', मग घाम.

याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जात होतो. तिथे हिंदी शब्दांचा छापील कागद होता. पेल्याचं चित्र दाखवलं की काका प्रचंड धडपडून 'पाणी' म्हणायचे आणि कागदावर फुली पडायची, कारण उत्तर 'पानी' होतं. काकू घरी येऊन चिडायच्या: "अहो, बरोबर बोललेलं चूक ठरवतात, मग माणसानं बोलायचं तरी कशाला?" मला तेव्हा हा काकूंचा मराठी बाणा वाटला. पण ओठ-जिभेची वाट नव्यानं पाडायची असेल तर ती साठ-सत्तर वर्षं तुडवलेल्या वाटेच्या जवळून जाणार, की भलतीकडून?

ही मुलगी रोहतकची, शिकलेली म्हैसूरला, १९६५पासून चालणाऱ्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत. पहिल्याच दिवशी काकूंनी भीत भीत विचारलं, "ये ळ बोल पाओगी?" ती हसली. "आंटी, हमारे यहाँ भी काळा ही बोलते हैं। और पाणी भी।" हरियाणवीत ळ आहे, ण तर पावलोपावली. काकूंचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं माणूस भेटलं.

मग पाढे. "बे एके बे" तिला काकूंनी शिकवलं होतं. तिनं सुरुवात करून दिली आणि काका सुटले: बे दुणे चार, बे त्रिक सहा, थेट बे पंचे दहापर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. "अब सिर्फ़ दहा।" ह... बहा... दगा. घोकलेलं आपसूक येतं. मुद्दाम म्हणायला गेलं की अडतं.

आता खरं काम. ती समोर बसली, तोंड काकांच्या तोंडाच्या सरळ रेषेत. "मेरे साथ।" 'पा' खालच्या सुरात, 'णी' वरच्या. प्रत्येक अक्षराला काकांच्या डाव्या हाताची मांडीवर थापटी. सूर आणि ताल लावून बोलतं करण्याची ही पद्धत १९७३ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी मांडली. मेंदूची उजवी बाजू मदतीला घ्यावी असा त्यांचा कयास होता. आधी दोघं मिळून, मग तिचे नुसते ओठ हलतात, मग तेही नाहीत. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. वहीचं पान भरत गेलं. तिसाव्या-पस्तिसाव्या वेळी काकांनी टेबलावर मूठ आपटली. तिनं काही समजूत घातली नाही. कूलरमध्ये पाणी ओतून आली आणि पुन्हा समोर बसली.

बाहेर उन्हाचा कहर. कोपऱ्यावर 'मशीन का ठंडा पानी' लिहिलेली गाडी. काका त्या पाटीपुढे थांबले.

"पा..."

गाडीवाल्यानं ग्लास भरून पुढे केलासुद्धा. काकांनी तो घेतला नाही. ओठ मिटले, उघडले, जीभ टाळूकडे निघाली आणि चुकली. गाडीवाला ग्लास धरून उभा, मागे दोन रिक्षावाले खोळंबलेले. काकूंनी पैसे काढायला पर्स उघडली होती, ती तशीच राहिली. काकांनी डावा हात मांडीशी नेला आणि पहिली थापटी मारली.