सीमाभागातील अल्पपरिचित बोली

बेळगाव व निपाणी परिसरातील भाषांचा विषय निघाला म्हणजे मराठी व कन्नड यांचेच स्मरण होते. फार तर उर्दू व कोकणी यांचा उल्लेख केला जातो. तथापि दगडकाम करणारे वडार, टोपल्या विणणारे कैकाडी आणि तांड्यांतून राहणारे लमाण यांच्या घरांत याहून निराळ्या बोली नांदत आल्या आहेत.

वडारी ही तेलुगूला, तर कैकाडी ही तमिळला जवळची. या दोन्ही द्राविडी कुळातील होत. लमाणांची गोरमाटी मात्र आर्यभारतीय कुळातील असून तिचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. पोटापाण्यासाठी केलेल्या स्थलांतराचा इतिहास या बोलींत जतन झाला आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात वडारी व कैकाडी यांची नोंद आढळते.

या बोलींना स्वतःची रूढ लिपी नाही. गोरमाटी महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. त्यामुळे एका राज्यातील लेखन दुसऱ्या राज्यातील स्वभाषकास वाचता येईलच असे नाही.

जनगणनेतही अशा बोली सहज दिसत नाहीत. २०११ मध्ये ३२ लाखांहून अधिक लोकांनी लमाणी वा लंबाडी ही मातृभाषा सांगितली. परंतु तिची गणना हिंदीच्या गटात झाली. शिवाय १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी बोली अशीच अल्पसंख्य आहे. अंदमानातील अका-बो भाषेची अखेरची भाषक २०१० मध्ये निवर्तली आणि ती भाषा लोप पावली.

प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. घरी वडारी बोलणाऱ्या बालकास मराठी शाळा काय अथवा कन्नड शाळा काय, दोन्ही परभाषेच्याच. शिक्षकाचे बोलणे न उमजल्याने गप्प बसणारे मूल मंदबुद्धी ठरवले जाण्याचा धोका असतो. राज्यघटनेत १९५६ मध्ये समाविष्ट झालेल्या ३५०-क या अनुच्छेदानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावयाचा आहे. लहान बोलींच्या बाबतीत पुस्तके व शिक्षक यांच्या अभावी हे कठीण असले, तरी पहिलीच्या वर्गात मुलाच्या बोलीतील शब्दांना स्थान देणे कोणत्याही शिक्षकास शक्य आहे.

गणकाने मातृभाषा विचारली असता कुटुंबांनीही घरातील बोलीचेच नाव निःसंकोच सांगावे व गणकाने ते जसेच्या तसे नोंदवावे. ज्या बोलीची नोंद नाही, तिच्यासाठी कोणतीही योजना आखता येत नाही.