डांगी गोवंश : स्वभाव आणि गुण

शीळफाट्याहून कल्याणमार्गे शहापूर-मुरबाडकडे गेले की सह्याद्रीच्या पायथ्याची भातखाचरे लागतात. ठाणे, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अशा अतिवृष्टीच्या पट्ट्यात शेतीचा भार वाहणारा गोवंश म्हणजे डांगी. हे नाव प्रदेशवाचक आहे. डांग म्हणजे डोंगराळ, रानाचा मुलूख.

या जनावराच्या त्वचेतून तेलकट द्रव्य स्रवते, त्यामुळे संततधार पाऊस त्यास बाधत नाही. खूर काळे व कठीण असतात. खिल्लार चपळ, पण तापट. डांगी संथ, सोशीक व कह्यात राहणारा. हेरफर्डसारख्या मांसोत्पादक विदेशी जातींतही शांतपणाची वाखाणणी होते. तेथे तो कळप हाताळण्यास उपयोगी, तर येथे चिखलणीस. डांगी गाय दूध बेताचेच देते. वंशाची खरी किंमत बैलाच्या कष्टात आहे.

पशुपालक रंगावरून पारा काळा, पारा लाल, बाहाळा, मणेरी, लाल व काळा असे भेद करतात. ही नावे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचा संचय होय. यंत्राने चिखलणी होऊ लागल्यावर बैलाची गरज घटते. आणि गोठा रिकामा झाला, की त्याच्याबरोबर ही शब्दसंपत्तीही लोपते. म्हणून वंशाच्या जतनाबरोबरच या शब्दांची नोंद होणेही अगत्याचे आहे.