पडलेल्या विमानांचा माग
लेखांक ५ : क्रुसाच्या अलीकडे, क्रुसाच्या पलीकडे

इंजिनावरून विमानाचा प्रकार बहुधा कळतो, हे गेल्या आठवड्यात पाहिले. पण मेसरश्मिट ११० जातीची विमाने हजारोंनी बनली. त्यांतले समोर पडलेले नेमके कोणते? त्यासाठी अक्षरे वाचावी लागतात.

जर्मन बॉम्बर आणि दोन इंजिनांच्या लढाऊ विमानांच्या कुशीवर काळा क्रूस असे. ‘5K+AR’ हे उदाहरण घेऊ. क्रुसाआधीची 5K ही तिसऱ्या बॉम्बर दलाची खूण. नंतरचा A त्या विमानाचा स्वतःचा आणि R सातव्या तुकडीचा. पहिल्या जोडीत एक आकडा व एक अक्षर असणे महत्त्वाचे.

१० मे १९४१ च्या रात्री स्कॉटलंडमध्ये ईगलशॅमजवळच्या शेतात एक मेसरश्मिट ११० कोसळले. छत्रीने उतरलेल्या वैमानिकाने ‘कॅप्टन आल्फ्रेड हॉर्न’ असे खोटे नाव सांगितले. तो हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस निघाला. विमानावर मात्र VJ+OQ अशी चारही अक्षरेच होती, आकडा नव्हता. ही कारखान्यातून बाहेर पडताना मिळणारी खूण. विमान तुकडीत दाखल झाले की ती पुसून तुकडीची खूण रंगवत. म्हणजे हे विमान कोणत्याही लढाऊ तुकडीचे नव्हते. हेसने ते आउग्सबुर्गच्या मेसरश्मिट कारखान्याच्या धावपट्टीवरून उडवले होते. त्याचा कारखाना क्रमांक ३८६९.

हा क्रमांक जन्मभर विमानासोबत राहतो. इंजिने मात्र बदलली जात, म्हणून इंजिनावरचा क्रमांक एकटा पुरावा ठरत नाही.

विमान तुकडीचे असेल, तर पुढचा आधार जर्मन हवाई दलाच्या नुकसानीच्या याद्यांचा. त्यांत तारीख, तुकडी, कारखाना क्रमांक, माणसे आणि नुकसानीची टक्केवारी असते. शंभर टक्के म्हणजे विमान पूर्ण गेले. साठच्या वर असले तरी ते मोडीतच निघे. या याद्या १९४३ अखेरपर्यंत बऱ्याचशा मिळतात, १९४४ चा मोठा भाग हाती नाही. शिवाय परत न आलेले विमान कुठे पडले, हे तुकडीच्या कारकुनाला ठाऊक नसे. ते ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकाऱ्यांच्या अहवालात सापडते. त्यांनी अवशेष प्रत्यक्ष तपासलेले असत.

दोन्ही कागद जुळवताना घड्याळाकडे लक्ष हवे. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन वेळ ब्रिटिश वेळेपेक्षा तासभर पुढे होती. ४ मे १९४१ ला ब्रिटनने घड्याळे आणखी एक तास पुढे केली आणि फरक मिटला. म्हणून हेसच्या उड्डाणाची आणि कोसळण्याची वेळ थेट वजा करता येते. आठवडाभर आधीच्या विमानाला हेच गणित लावले, तर ते तासभर कमी उडाले असे दिसेल आणि भलत्याच विमानावर बोट पडेल.

पुढील लेखांकात : इंग्लंडजवळच्या गुडविन सँड्समधून २०१३ साली वर काढलेले डॉर्नियर.