ई-टूच्या यादीत भारत का नाही?

नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा ट्रम्प यांचा आदेश सप्टेंबर 2025 मध्ये निघाला आणि हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत नोकरदारांची झोप उडाली. या गदारोळात एका वर्गाबद्दल मात्र कुणी बोललं नाही: अमेरिकेत जाऊन स्वतःचा धंदा उभा करू पाहणारे. त्यांची अडचण ट्रम्प यांच्याही आधीची आहे.

अशा लोकांसाठी सर्वांत सुटसुटीत व्हिसा म्हणजे ई-टू. किमान गुंतवणूक किती, हे कायद्यात ठरलेलं नाही. धंद्याच्या मानाने ती भरीव हवी. धंदा चालतोय तोवर मुदत वाढत राहते, जोडीदारालाही काम करता येतं. पण हा व्हिसा अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका त्या यादीत आहेत, भारत नाही. इचलकरंजीच्या कारखानदाराकडे पैसा आणि अनुभव दोन्ही असले, तरी तो अर्जच करू शकत नाही. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. करार असलेल्या ग्रेनाडाचं नागरिकत्व विकत घेण्याची पळवाट काही धनिकांनी शोधली होती. डिसेंबर 2022 च्या कायद्याने तिथेही आधी तीन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणारा ईबी-5 आहे, पण त्याला किमान आठ लाख डॉलर लागतात.

उरतो एल-वन-ए. इथल्या चालू कंपनीची शाखा तिकडे काढायची आणि इथे किमान वर्षभर काम केलेला व्यवस्थापक पाठवायचा. नव्या शाखेला पहिली परवानगी एकाच वर्षाची मिळते. खरी परीक्षा मुदतवाढीच्या वेळी होते. कोण कुणाच्या हाताखाली आहे, पगार कुणाला जातो, हे कागद अधिकारी बारकाईने पाहतात. मालक स्वतःच ऑर्डर घेतोय, खोकी भरतोय आणि बिलंही फाडतोय असं दिसलं, तर त्याला व्यवस्थापक मानत नाहीत. आपल्याकडचे बहुतेक छोटे उद्योजक नेमके असेच काम करतात. म्हणून जाण्याआधीच तिथल्या दोन-तीन माणसांच्या पगाराची सोय करून ठेवावी.

पण ई-टूची यादी बदलू शकते. इस्रायलही पूर्वी तिच्यात नव्हता. 2012 मध्ये अमेरिकेने त्यासाठी कायदा केला, इस्रायलने अमेरिकनांना तसाच व्हिसा देऊ केला आणि 2019 पासून इस्रायली उद्योजकांना ई-टू मिळू लागला. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी करताना आयातशुल्कावर घासाघीस करणाऱ्या दिल्लीने हीच मागणी टेबलावर ठेवायला हवी, आणि बदल्यात अमेरिकन उद्योजकांना तसाच व्हिसा द्यायची तयारीही दाखवायला हवी.